खालनं उठणारं वारं

कल्लाप्पा मगदूम कुणावर विश्वास ठेवत नसे, आणि ही गोष्ट तो लपवतही नसे. एसटीत बसला तर पाटी वाचून झाल्यावर आणखी दोघांना विचारायचा, गाडी नक्की तिकडंच जाती ना. जैन बस्तीत दर्शनाला गेला तर एक चप्पल उजव्या दाराला आणि दुसरी डाव्या दाराला काढून ठेवायचा. दुसऱ्यानं केलेला चहा तो आधी हुंगायचा, मग प्यायचा.

जन्मापासून तो असा नव्हता. उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपात लेथवर काम करायला लागला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. केसाची जाडी मोजणारं एक मायक्रोमीटर एक दिवस कपाटातून गेलं, आणि कपाटाची किल्ली त्या दिवशी कल्लाप्पाकडं होती. तीन महिने त्याला घरी बसवलं. पुढं ते मायक्रोमीटर फोरमनच्या भाच्याच्या डब्याच्या पिशवीत सापडलं. कल्लाप्पाला परत कामावर घेतलं, पण चुकलं आमचं, असं कुणी म्हणालं नाही. त्यानंतर एकतीस वर्षं तो त्याच वर्कशॉपात राहिला, आणि त्या एकतीस वर्षांत त्यानं आपल्या हत्यारपेटीची किल्ली दुसऱ्याच्या हातात दिली नाही.

रिटायर झाल्यावर गणपतरावांनी त्याला बोलावलं. गणपतराव नेमबाजी मंडळाचे सेक्रेटरी. गारगोटी रस्त्याला, बिद्रीच्या अलीकडं मंडळाची रेंज होती. पन्नास मीटर लांब, आठ लेन. रायफलींची देखभाल करायला बारीक हाताचा माणूस पाहिजे होता. कल्लाप्पाच्या थोरल्या भावाला हे काम पसंत पडलं नाही. मुंगी दिसली तरी वळसा घालणारं घर त्यांचं. भावानं महिनाभर अबोला धरला. कल्लाप्पानं त्याला एकदाच सांगितलं, "दादा, कागदाला भोक पडतंय. जीव न्हाय जात." आणि कामाला लागला.

काम त्याच्या स्वभावाला साजेसं होतं. प्रत्येक रायफलीच्या प्रत्येक स्क्रूवर तो सुनेच्या नेलपेंटची एक बारीक लाल रेघ ओढून ठेवायचा, अर्धी स्क्रूवर आणि अर्धी लोखंडावर. कुणी स्क्रूला हात लावला की रेघ तुटणार आणि चोर सापडणार. आठ वर्षांत एकही रेघ तुटली नाही. तरी तो रोज सकाळी भिंग लावून बघायचा.

रेंजवर दुसरा कायमचा माणूस म्हणजे गुंडू गावडे. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेला, चंदगडकडचा. गेटाजवळच्या खोलीत राहायचा आणि शनिवारी गावी जायचा. टार्गेटचे कागद लावणं, गवत काढणं आणि झेंडे बघणं हे त्याचं काम. दर दोन लेनच्या मधे लोखंडी गजावर लाल कापडाचा एक झेंडा. पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ शर्टाच्या गुंडीएवढं असतं, आणि बावीस बोअरची गोळी हलकी. वारा तिला सहज ढकलतो. झेंडा कुठं उडतोय आणि किती उडतोय ते बघून नेमबाज निशाण सरकवतो नाहीतर थांबतो. म्हणून झेंडे नीट असले पाहिजेत. ते फडफडू नयेत म्हणून गुंडूनंच त्यांच्या खालच्या दुमडीत शिशाचे तुकडे शिवले होते.

गुंडू कमी बोलायचा. कल्लाप्पा आणि तो आठ वर्षं रोज दुपारी एकत्र चहा प्यायचे, पण गुंडूला नातवंडं किती हे कल्लाप्पाला माहीत नव्हतं. कमी बोलणारा माणूस काहीतरी झाकत असतो, असं कल्लाप्पाचं मत होतं.

जानेवारीच्या मध्यात ऐश्वर्याच्या गोळ्या बिघडल्या.

ऐश्वर्या मंडळातली सगळ्यात चांगली पोरगी. सतरा वर्षांची, दूधवाल्या घरातली. तिची आई तिला रोज दुपारी स्कूटरवरनं घेऊन यायची आणि सराव संपेपर्यंत बाकावर बसून राहायची. पोरगी आठ नंबरच्या लेनवर झोपून मारायची, कारण तिच्या उजव्या हाताला मातीचा बांध होता आणि त्या बाजूला लोकांची ये-जा नसायची. फेब्रुवारीच्या शेवटी याच रेंजवर निवड चाचणी होती. आणि आता दहातल्या सात गोळ्या मधे, एक वर, एक खाली, परत एक वर. डावीउजवीकडं काही चूक नाही. चूक फक्त उभी.

कोच उदयसिंह यांनी दोन दिवस तिचा श्वास बघितला, कोपर बघितलं, पट्टा बघितला. तिसऱ्या दिवशी कल्लाप्पाला म्हणाले, "पोरीचं काही चुकत नाही. आण्णा, रायफल बघा जरा."

जरा बघा म्हणाले, पण बाकावर बसलेले सगळे पालक कल्लाप्पाकडं बघत होते. त्या नजरा त्याच्या ओळखीच्या होत्या. उद्यमनगरात कपाट उघडलं त्या सकाळी त्याच नजरा होत्या.

त्यानं रायफल आत नेली, भिंगाखाली धरली. लाल रेघा जशाच्या तशा. मग दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, रेंजवर कुणी यायच्या आत, त्यानं रायफल व्हाईसमध्ये, म्हणजे लोखंडी पकडीत, आवळली आणि ऐश्वर्याच्याच पेटीतल्या दहा गोळ्या मारल्या. दहाही भोकं दहा रुपयाच्या नाण्याखाली झाकली. म्हणजे रायफल चोख, गोळ्या चोख.

वर्कशॉपात एक नियम होता. मशीन चोख असेल आणि माल चोख असेल, तर चूक माणसाची. कल्लाप्पा माणूस शोधायला लागला.

शोधायला बसलं की दिसतंच. दोन नंबरच्या लेनवर राजवर्धन मारायचा. त्याच्या गोळ्या ठीक होत्या. राजवर्धनच्या वडलांचा आजऱ्यात काजूचा कारखाना, आणि मागच्या शनिवारी गुंडू त्यांच्या गाडीत बसताना कल्लाप्पानं स्वतः बघितला होता. मग मंगळवारी गुंडू दुकानात आला. रायफली दुरुस्त करायच्या त्या खोलीला सगळे दुकानच म्हणायचे.

"आण्णा, बारीक तार हाय का? स्प्रिंगची."

"कशाला?"

"बघायचंय जरा."

"काय बघायचंय?"

गुंडू दारातनंच वळला. म्हणाला, "ऱ्हाऊ द्या," आणि गेला.

बुधवारी कल्लाप्पानं झेंडे तपासले. आठ नंबरजवळच्या झेंड्याची खालची दुमड उसवलेली होती आणि आतलं शिसं नव्हतं. त्यानं झेंडा बोटांनी दोनदा चाचपला. मग कुणाला काही न बोलता दुकानात जाऊन बसला आणि खिडकीच्या गजातून लक्ष ठेवायला लागला.

गुरुवारी दुपारी दोन वाजता, रेंज जेवणासाठी बंद असताना, गुंडू बांधाकडं गेला. आजूबाजूला बघितलं आणि उकिडवा बसला. खिशातून उदबत्त्या काढल्या, पेटवल्या आणि बांधाच्या मातीत ओळीनं खोचल्या. मग मागं सरकून जमिनीला गाल टेकून त्यांच्याकडं बघत पडून राहिला. त्याचे ओठ हलत होते. पाच मिनिटांनी उठला, उदबत्त्या एक हात वर खोचल्या आणि परत तसाच पडला.

गुंडू खोलीकडं गेल्यावर कल्लाप्पा बांधाजवळ आला. जळक्या काड्या, राख, आणि बारीक काटक्यांना बांधलेला लाल दोरा. त्यानं मोबाईल काढला आणि फोटो घेतला. चोर सापडल्याचा आनंद त्याला झाला होता.

करणी-भानामती असलं काही कल्लाप्पा मानत नव्हता. उभ्या आयुष्यात मानलं नव्हतं. पण गुंडू काहीतरी लपूनछपून करतोय एवढं फोटोत दिसत होतं, आणि त्याला तेवढंच पाहिजे होतं. त्यानं फोटो गणपतरावांना पाठवला. खाली लिहिलं, आठ नंबरच्या कडेला, आज दुपारी, गुंडू, झेंड्याचं शिसंही काढलंय.

संध्याकाळच्या आत फोटो पालकांच्या ग्रुपवर होता. शुक्रवारी दुपारी ऐश्वर्याची आई स्कूटर गेटातच आडवी लावून आत आली.

"माझ्या पोरीच्या लेनला उदबत्त्या कोण लावतंय? लाल दोरा कोण बांधतंय? बोलवा त्येला."

गणपतरावांनी गुंडूला बोलावलं. तो गवत काढत होता. विळा खाली ठेवून आला आणि सावधान उभा राहतात तसा उभा राहिला.

"गुंडू, हे काय आहे?" गणपतरावांनी मोबाईल पुढं केला.

गुंडूनं फोटो बघितला. "वारं बघत हुतो, साहेब."

"वारं बघायला झेंडे हाईत की," ऐश्वर्याची आई म्हणाली. "उदबत्ती कुणाच्या नावानं लावलासा ते सांगा."

"नावानं न्हाय, बाई. वारं खालनं उठतंय. उदयसिंह साहेबांना म्या परवा सांगितलंय."

उदयसिंह जरा अवघडले. "हो, म्हणाला होता काहीतरी. पण डावीकडचं वारं गोळीला उजवीकडं नेतं आणि केसभर खाली. वर नेत नाही. हे मी पंधरा वर्षं शिकवतोय."

"आन् झेंड्याचं शिसं का काढलंस?" कुणीतरी मागनं विचारलं.

गुंडूनं सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि मग कल्लाप्पाकडं. "आण्णांना इचारा. आण्णा मशीनवालं हाईत. त्येंना कळंल."

कल्लाप्पाला त्या क्षणी काय कळलं आणि काय नाही, हे पुढं त्यालाही नीट सांगता आलं नाही. एवढं मात्र तो स्वतःशी कबूल करायचा की करणीची गोष्ट खोटी आहे हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि तेवढं एक वाक्य बोलायला त्याला अर्धं मिनिटही लागलं नसतं. पण त्याच्या मनात आलं, आधी हा जाऊ दे, मग खरं काय ते आपोआप बाहेर पडेल. तो खाली बघत उभा राहिला.

गुंडूनं कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली. तासाभरात त्याची ट्रंक गेटाबाहेर होती. गारगोटीची एसटी आली तेव्हा रेंजवर सराव चालू झाला होता, त्यामुळं त्याला जाताना कुणी बघितलं नाही.

पुढचे दहा दिवस कल्लाप्पा वाट बघत होता. आता गोळ्या सुधारणार. झेंड्यात शिसं परत शिवलं होतं आणि बांधावर कुणी जात नव्हतं. गोळ्या सुधारल्या नाहीत. उलट ज्या दिवशी वारा जोराचा, त्या दिवशी एखादी गोळी पार आठच्या वर्तुळात, सरळ डोक्यावर. सात नंबरवर मारणारा पोरगाही तक्रार करायला लागला. ऐश्वर्याची आई म्हणाली, "जाताना काहीतरी पुरून गेलाय म्हातारा," आणि एक दिवस तिनं लेनच्या तोंडाशी लिंबू ठेवलं. कुणी तिला हटकलं नाही. पोरगी ते लिंबू ओलांडून चटईवर झोपायची आणि डोळे पुसून रायफल धरायची.

कल्लाप्पानं भिंग काढलं, परत रेघा बघितल्या. उदयसिंहांवर दोन दिवस पाळत ठेवली. गोळ्यांच्या पेट्या मोजल्या. राजवर्धन कुठं कुठं जातो ते बघितलं. रात्री सुनेनं विचारलं, मामा, जेवण अर्धं का सोडलं, तर तिच्यावरही तो उखडला, ताटात बघायला कुणी सांगितलं म्हणून.

अकराव्या दिवशी त्याच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली. व्हाईसची चाचणी त्यानं सकाळी सात वाजता घेतली होती. बिघाड दुपारी तीनला होत होता. वर्कशॉपात नवशिक्या पोरानं असं केलं असतं तर त्यानं त्याच्या हातावर पट्टी मारली असती. गार मशीन तपासून गरम मशीनचा दाखला देतोस व्हय रे.

त्या दिवशी सुट्टी होती. दुपारी तीन वाजता त्यानं आठ नंबरवर व्हाईस मांडला, रायफल आवळली आणि वारा वाहत असताना दहा गोळ्या मारल्या. दुर्बिणीतून बघितलं. सहा मधे. तीन वर, एकावर एक, शिडीसारख्या. एक खाली. रायफलीला कुणाचा हात नव्हता, कुणाचा श्वास नव्हता. व्हाईसला कुणी करणी करत नाही.

त्यानं रायफल उतरवली आणि किल्ली आणली. मग गुंडूची खोली उघडली. खाटेखाली एक टार्गेटचा पुठ्ठा होता, पाठकोरा. त्यावर पेन्सिलीनं तारखा, वेळा, आणि समोर मोठ्या अक्षरात लिहिलेलं. दुपारी तीन, वर. सव्वातीन, खाली. आठ नंबर जास्त. सात कमी. दोन नंबर काय न्हाय. पुठ्ठ्याजवळ छत्रीच्या काडीचं केलेलं एक खेळणं होतं. काडीच्या टोकाला बिजागरीसारखा आकडा आणि त्यात पातळ कापडाची पट्टी, अशी अडकवलेली की ती नुसती बाजूला नाही तर वरखालीही हलेल. कल्लाप्पानं तार दिली नव्हती म्हणून गुंडूनं आपली छत्री मोडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कल्लाप्पा आजऱ्यात गाडी बदलून चंदगडला गेला आणि तिथनं वडापच्या जीपनं गुंडूच्या गावी. काजूला मोहर आला होता. घर विचारत गेला तेव्हा एका पोरानं हात करून दाखवलं, पण सोबत आला नाही.

अंगणात एक बाई तांदूळ पाखडत होती. गुंडूची बायको, झुंबरबाई.

"पावणं, कुणाकडं आलासा?"

"गुंडू हवालदार हाईत का? मी रेंजवरचा, कल्लाप्पा मगदूम."

तिनं सूप खाली ठेवलं, आत गेली, पाण्याचा तांब्या आणून समोर ठेवला. मग म्हणाली, "फोटू काढलेलं तुमीच न्हवं?"

"व्हय."

"त्यो फोटू हितवर आलाय. भावकीतल्या पोरांच्या मोबाईलवर. वरच्या आळीतली बाई आमच्या दारावरनं जाताना तान्हं पोर पदराखाली घेती. चाळीस वर्सं झाली मला ह्या गावात येऊन. तिचं बाळंतपण मी केलंय."

"मी एकालाच धाडलावता, बाई."

"एकालाच धाडत्यात सगळी."

तेवढ्यात गुंडू घरामागच्या परड्यातनं आला. हातातलं खुरपं भिंतीला टेकवलं, पाय धुतले, आणि कल्लाप्पासमोर बसला. ये म्हणाला नाही आणि जा म्हणाला नाही.

कल्लाप्पानं पिशवीतून टार्गेट काढून पुढं ठेवलं. "व्हाईसला लावून मारल्या. दुपारी तीनला."

गुंडूनं कागद उचलून उजेडाला धरला. तीन भोकं मोजली. "लई चढल्यात," म्हणाला.

"कशानं चढत्यात ते सांग. मला झेंड्यात काय दिसत न्हाय."

"झेंड्यात न्हायच दिसायचं. डावीकडचा ऊस कवा तुटला, आण्णा?"

कल्लाप्पानं आठवून बघितलं. रेंजच्या पश्चिमेला एका शेतकऱ्याचा सहा एकर ऊस होता. "संक्रांतीच्या आगंमागं. कारखान्याची टोळी आलती."

"आन् पोरीच्या गोळ्या कवापासनं नाचाय लागल्या?"

कल्लाप्पानं बोटांवर आठवडे मोजले.

"ऊस दोन पुरुष उंच हुता," गुंडू म्हणाला. "दुपारचं वारं शेंड्यावरनं यायचं आन् बांधावरनं तसंच पुढं जायचं. रेंजमधे उतरायचंच न्हाय फारसं. आता रान मोकळं हाय. वारं जमिनीला घासत येतंय, रेंज आडवी कापतंय आन् बांधावर आपटतंय. तिथनं कुठं जाईल? वर चढतंय. दम टाकला की खाली बसतंय. आट नंबर बांधाला चिकटून, म्हणून तिथं जास्त. दोन नंबरला त्येचं काय न्हाय. फौजेत डोंगराच्या कुशीतल्या रेंजवर बघितलंय म्या असलं. झेंडा बाजूचं वारं सांगतोय, उभं न्हाय सांगत. त्येच्या खाली तर म्याच शिसं शिवलंय."

"म्हणून काढलंस शिसं."

"म्हणून. तरी कळंना. मग उदबत्ती लावली. धूर खोटं बोलत न्हाय."

"आन् ओठ कशाला हलत हुतं तुजं?"

"मोजत हुतो की. किती येळ चढतंय, किती येळ उतरतंय."

कल्लाप्पानं डोळे मिटले. म्हणाला, "मला का न्हाय सांगितलंस, गुंडू?"

गुंडूनं पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट बघितलं. "आठ वर्सं झाली, मी केलेला चा तुमी हुंगल्याबिगर पिला न्हाईसा. तार मागितली तर हात मागं घेतलासा. तुमाला सांगून पटलं असतं?"

दरवर्षी क्षमावाणीला, वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायच्या दिवशी, कल्लाप्पा सगळ्यांना हात जोडायचा. नात्यात, गल्लीत, मोबाईलवरच्या दोनशे माणसांना. तेव्हा शब्द कसे पाठ केल्यासारखे यायचे. आज त्यानं हात जोडले आणि एकही शब्द आला नाही.

गुंडूनं त्याचे हात खाली केले. "हितं नगो. जिथं गप बसलासा तिथं बोला."

निघायच्या आधी झुंबरबाईनं ताट वाढलं. भात आणि कुळथाचं पिठलं. कल्लाप्पा नको म्हणाला, तर ती म्हणाली, "दिवस हाय तवर खाऊन घ्या. मावळल्यावर तुमी खात न्हाई म्हणून ह्येंनी सांगितलंय मला." त्यानं ताट पुढं ओढलं आणि न हुंगता जेवला. ती दारात उभी होती. हसली मात्र नाही.

रविवारी सगळे पालक आणि पोरं असताना कल्लाप्पा बोलायला उभा राहिला. भाषण त्याला जमत नव्हतं. तो म्हणाला, "फोटो मी काढला. गुंडू करणी करत नव्हता हे मला तेव्हाच माहीत होतं, आणि मी गप्प बसलो. आता काय होतंय ते बघा." मग त्यानं व्हाईस लावला, ऊस तुटलेलं रान दाखवलं आणि बांधावर उदबत्त्या लावल्या. वारा आला तसा धूर बांधाला धरून वर चढला आणि वारा पडल्यावर खाली लोळला. धूर चढताना मारलेली गोळी वर लागली. उदयसिंह दुर्बिणीशी बसले होते. ते उठले, बांधापर्यंत चालत गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत.

"वारं असंल," ऐश्वर्याची आई म्हणाली. "पन लाल दोरा कशाला मग?"

कल्लाप्पानं आठ नंबरचा झेंडा काढून तिच्या हातात दिला. "उसवलेल्या दुमडीचा दोरा हाय, वैनी. काटकीला बांधून वारं बघत हुता. ह्यो बघा रंग." हे त्याला पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. ती झेंडा उलटसुलट करून बघत राहिली. दुसऱ्या दिवशी लेनवर लिंबू नव्हतं.

गणपतरावांनी फोन केला तेव्हा गुंडू चाचणीच्या आधी दोन दिवसांसाठी आला. छत्रीच्या काडीसारखे सहा झेंडे त्या दोघांनी मिळून केले. तार या वेळी कल्लाप्पानं आपणहून कापून दिली. ते झेंडे त्यांनी बांधाच्या पायथ्याशी, गोळी जाते त्या उंचीला रोवले. गुंडू ऐश्वर्याजवळ उकिडवा बसून सांगायचा, "शेपूट वर उचललं की बोट ट्रिगरवरनं काढ. निशाण सरकवत बसू नगो, त्येच्या मागं धावून पुरं पडायचं न्हाय. शेपूट आडवं झालं की मार. ते आडवं हुतंच. थांबायला शीक."

चाचणीत ती थांबली. शेवटच्या दहा मिनिटांत तिच्या अकरा गोळ्या शिल्लक होत्या आणि ती नुसती झेंड्याकडं बघत पडली होती. बाकावर तिच्या आईनं पदर तोंडात धरला होता. मग पट्टी आडवी झाली आणि तिनं चार गोळ्या सलग मारल्या, परत थांबली, परत मारल्या. तिसरी आली. चौघं निवडले जाणार होते.

बक्षिसं वाटून झाल्यावर गणपतरावांनी गुंडूसमोर खोलीची किल्ली धरली. गुंडूनं हात मागं घेतले.

"ठेवा, साहेब."

कल्लाप्पा त्याला गेटापर्यंत सोडायला गेला. "मी सांगितलं की सगळ्यांदेखत," तो म्हणाला. "अजून काय करू?"

"तुमी बरोबर केलासा, आण्णा. त्येच्यात काय न्हाय. पन सकाळी मी आत आलो तवा दोन बाया पोरांना घेऊन बाजूला सरल्या. म्या बघितलं."

पुढं गुंडू राजवर्धनच्या वडलांच्या आजऱ्यातल्या कारखान्यावर राखणदार म्हणून लागला. त्या शनिवारच्या गाडीत एवढंच होतं. आजऱ्याला जाणारी गाडी आणि त्याच वाटेनं घरी जाणारा माणूस.

झेंडे आता कल्लाप्पा बघतो. सकाळी स्क्रूवरच्या रेघा तपासतो आणि दुपारी वारा. शनिवारी गुंडूला फोन लावतो. ऊस कमरेला आला, वारं आता निम्मं वरनं जातंय, खालचे झेंडे काढू का, असं विचारतो. गुंडू म्हणतो, एवढ्यात नगो, शेंडा बांधाच्या वर जाऊ दे. मग पावसाचं, काजूचं थोडं बोलणं होतं. गुंडूला तीन नातवंडं आहेत हे त्याला आता माहीत आहे.

मध्यंतरी एक नवीन बाई मुलाचं नाव घालायला आली होती. तिनं हळूच विचारलं, इथं म्हणे एक करणीवाला म्हातारा होता. कल्लाप्पानं तिला बसवून सगळं सांगितलं, आपल्या नावापासून सुरुवात करून. तिनं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि जाताना बांधाच्या बाजूनं न जाता पलीकडून गेली.

गुंडू फोनवर कधी विचारत नाही, तिकडं लोक अजून काय बोलतात म्हणून. आणि कल्लाप्पाही त्याला सांगत नाही.